दुर्गे सिस्टरचं हँडल

दुर्गे सिस्टर येताहेत हे आम्हाला आधी आवाजावरून कळायचं. त्यांच्या खांद्याच्या पिशवीत बोटीच्या इंजिनाचं लोखंडी हँडल असे आणि चालताना ते जेवणाच्या डब्यावर आपटे. ठण, ठण. ओपीडीत बसलेल्या बाया म्हणायच्या, "आली घंटी." सिस्टर दारातून सगळ्यांना मिळून एकच जयभीम घालायच्या, पिशवी खुंटीला अडकवायच्या आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या. तरी त्यांच्या हातांना डिझेलचा वास यायचाच.

"जिल्ह्यात डिझेलच्या हातावर जलमलेली लेकरं फक्त आपल्या इथी," असं त्या म्हणायच्या. नवीन माणूस भेटला की हमखास. त्यात घमेंड होती आणि ती लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

आमचं आरोग्य केंद्र भामरागडच्या नदीपलीकडे आहे. उन्हाळ्यात बुटक्या पुलावरून मोटारसायकल जाते. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की रस्ता, गाडी, मोठं हॉस्पिटल सगळं त्या काठाला राहतं आणि आम्ही या काठाला. मधे फक्त बोट. मी इथला भांडारपाल. औषधं, सलाईन, ताडपत्र्या, दोर, कंदील यांच्या याद्या करणं हे माझं काम आणि खरं सांगायचं तर स्वभावही तोच. सिस्टर मला 'यादीवाले भाऊ' म्हणत.

बोट म्हणजे सपाट बुडाची लोखंडी नाव आणि तिच्यात बसवलेलं, शेतात विहिरीवर असतं तसं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. बॅटरी नाही, बटण नाही. हँडल घालायचं आणि फिरवायचं. चालकाची जागा होती, चालक आला नव्हता. मिस्त्री पाहिजे तर आलापल्लीहून, आणि ज्या दिवसांत इंजिन बिघडे त्याच दिवसांत आलापल्लीचा रस्ता बंद असे. पहिल्या पावसाळ्यात बोट घाटावर आठवडाभर पडून राहिली तेव्हा सिस्टर एका सकाळी साडीचा काचा मारून तिच्यात उतरल्या. गोंडपिपरीजवळ त्यांच्या वडिलांचं शेत होतं आणि नाल्यावर असंच इंजिन होतं. "सहा भावांत मी एकटीच पोरगी," त्या म्हणाल्या, "अन् इंजिन फक्त माह्यं आयकत होतं."

त्या इंजिनाला रोग्यासारखं तपासत. आधी विचारपूस. काल कुठे थांबलं, थांबताना खोकलं की एकदम गप झालं, डिझेल कुठल्या पिंपातलं होतं. मग धूर. काळा धूर आला तर "जास्त खाऊन राह्यला," निळा आला तर "तेल पिऊन राह्यला," पांढरा आला तर काही न बोलता टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरायच्या आणि खाली पाणी बसलंय का ते बघायच्या. एक जुना स्टेथोस्कोप त्यांनी इंजिनासाठी ठेवला होता. तो सिलिंडरला लावून डोळे मिटून ऐकत. एकदा घाईत तोच गळ्यात घालून वॉर्डात आल्या. एका म्हाताऱ्याने छातीवरचा काळा गोल डाग बघून विचारलं, "बाई, माह्याबी आंगात तेल कमी हाय का?"

"तुमच्या आंगात मोहाचं जास्त हाय जी," सिस्टर म्हणाल्या. वॉर्ड बराच वेळ हसत होता.

हँडल मारायची त्यांची रीत ठरलेली. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं आणि विळखा घातलेला अंगठा मोडतो. डाव्या हाताने इंजिनाच्या डोक्यावरचा छोटा खटका उचलायचा. तो उचलला की आत दाबलेली हवा सुटते आणि चाक हलकं फिरतं. चाकाला वेग आला की खटका सोडायचा. मग इंजिन धरतं. मला हे आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं. तेव्हा सिस्टरची पाठ आमच्याकडे असे आणि त्या काय करतात हे कोणाला दिसत नसे. कोणी वाकून बघायला लागला तर म्हणत, "उजेड सोडा ना जी."

त्या चुकत नसत असं नाही. एका दिवाळीनंतर इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालायचं आणि दम तोडायचं. सिस्टर म्हणाल्या, डिझेलमध्ये पाणी आहे. टाकी रिकामी केली, फडक्याने पुसली, नवीन डिझेल गाळून भरलं. तेच. पुन्हा टाकी रिकामी. शेवटी आलापल्लीचा मिस्त्री आला. त्याने फिल्टरच्या बोल्टाखालचं वॉशर बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "बाई, इथून हवा ओढून राह्यला."

"पाणीच हाय," सिस्टर म्हणाल्या.

"तुमच्या बाटलीत तर नाई दिसत."

"बाटलीले काय समजते."

मिस्त्री हसला, चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी घाटावर गेलो तर सिस्टर एकट्याच नवं तांब्याचं वॉशर बसवत होत्या. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून त्यांनी डिझेल वाहू दिलं, त्यातले बुडबुडे थांबेपर्यंत. मग तो घट्ट केला, मग पंपावरचा ढिला. इंजिन दुपारभर चाललं. "पाणी गेलं," त्या मला म्हणाल्या. मी मान हलवली.

हँडल घरी न्यायची सवय त्याच हिवाळ्यातली. सिस्टर इंजिन चालू ठेवून घाट चढल्या, तेवढ्यात गावातल्या दोघांनी मासे धरायला बोट नेली आणि टाकी कोरडी होईपर्यंत फिरवली. कोरड्या टाकीने सगळ्या नळ्यांत हवा भरली. सिस्टरला इंजिन उठवायला सकाळ गेली. वर आल्या तेव्हा हँडल हातात होतं, आणि त्या दिवसापासून ते पिशवीत गेलं. काम झालं की डिझेलचा कॉक बंद, हँडल पिशवीत. गावाने कुरकुर केली नाही. आम्ही तर नाहीच. बोट बिघडली तर सिस्टर, सुरू करायची तर सिस्टर, वेळेवर नाही आली तर बोलणी खायलाही सिस्टर. आम्हा सगळ्यांना ते फार सोयीचं होतं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवून सांगावंसं वाटत नाही.

भर पावसाळा होता, पण चार दिवस उघडीप मिळाली म्हणून पूल वर आला होता. भामरागडला बैठक होती. डॉक्टर आणि सिस्टर सकाळी मोटारसायकलने पुलावरून गेले. पिशवी खांद्यावर, हँडल पिशवीत. सवयच ती. इकडे आभाळ कोरडं होतं, पण वर छत्तीसगडकडे कुठेतरी कोसळला असणार. दुपारी नदी तांबडी झाली आणि बघता बघता पूल गेला.

त्यानंतर आतल्या गावाहून चार माणसं खाट घेऊन आली. खाटेवर सोमारी होती, पहिलटकरीण. तिचा नवरा चिन्ना पुढच्या खांद्याला. आमच्याकडची नवी सिस्टर आत जाऊन लगेच बाहेर आली. बाळ आडवं होतं. इथे होण्यासारखं नव्हतं, पलीकडे न्यायला पाहिजे होतं. बोट घाटावर बांधलेली होती. टाकीत डिझेल होतं. ते मीच भरून घेतलं होतं.

कोणीतरी चाकाला दोर गुंडाळून ओढायची युक्ती काढली. चिन्नाने ओढलं. चाक अर्धं फिरायचं आणि दाबलेल्या हवेला अडून मागे यायचं. त्याने पुन्हा दोर गुंडाळला. तळव्यांची साल निघाली तरी ओढत राहिला. मधे कोणी दोर मागितला तर देईना. खटका त्याच्या कोपराशीच होता. आम्हा कोणालाच तो कशासाठी आहे हे ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सिस्टर पलीकडच्या काठावर दिसल्या. बैठक सोडून आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून हँडल काढून डोक्यावर धरलं. नदीच्या आवाजात त्यांचा शब्द येत नव्हता. मग त्यांनी हँडल खाली ठेवलं, डावा हात उंच केला आणि अंगठा वर उडवला. पुन्हा उडवला. कितीतरी वेळ त्या तेवढंच करत होत्या. आम्हाला वाटलं, धीर देताहेत. आमच्यातल्या एकाने उलट हात हलवला.

त्या खटका उचला म्हणत होत्या.

पाण्यातून ओंडके वाहत होते. ते जरा कमी झाल्यावर दोघेजण खाट मावणार नाही असा अरुंद लाकडी डोंगा घालून पलीकडे गेले आणि संध्याकाळच्या उजेडात सिस्टरला घेऊन आले. हँडल त्यांनी पदराने मनगटाला बांधलं होतं. बोटीत उतरल्या, कॉक उघडला, खटका उचलला, हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. ते इतक्या सहज लागलं की कोणाला कोणाकडे बघता येईना.

सोमारी वाचली. बाळ गेलं.

डॉक्टरांनी नंतर सिस्टरला माझ्यादेखत सांगितलं की बाळ बहुधा घरून निघतानाच गेलेलं असावं. सिस्टर म्हणाल्या, "असंल. नसंल बी."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या. ठणठण ऐकू आलं नाही, म्हणून बाया वळून बघायला लागल्या. हँडल त्यांनी घाटावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उघड्यावर खिळ्याला टांगलं होतं. लोहाराकडून दुसरं करून घेतलं आणि तेही शेजारी टांगलं. डिझेलच्या हातावर जन्मलेल्या लेकरांचं वाक्य मी त्यांच्या तोंडून परत कधी ऐकलं नाही. सोमारीच्या गावी भेटीचा वार असला की त्या जायच्या, सोमारीला तपासायच्या, पण तिथे कोणी पाणी दिलं तर प्यायच्या नाहीत. तहान नाही म्हणायच्या. उन्हाळ्यातसुद्धा.

बाजाराच्या दिवशी त्यांनी घाटावर शिकवणं सुरू केलं. कोणीही यावं. बाया आल्या, कोतवाल आला, मासे धरायला बोट नेणारे ते दोघेही आले. मला त्यांनी नाव घेऊन बोलावलं. "यादीवाले भाऊ, तुमी बी. कागद ठेवा अन् हात काळे करा." पण इंजिनाचं झाकण काढण्याआधी त्या उभ्या राहायच्या आणि सांगायच्या. हँडल कोणाकडे होतं, पूल कधी गेला, सोमारीला किती वेळ थांबावं लागलं, खटका कोणी कोणाला दाखवला नव्हता. काही न वगळता, डोळे इंजिनावर ठेवून. ऐकणारे पायाखालची वाळू उकरत. दर बाजाराला तेच. शेवटी पोलीस पाटील म्हणाले, "राहू द्या ना बाई. सगळ्यायले माईत हाय आता."

"नवीन माणूस हाय ना त्यात."

"तरी बी. इंजिनाचं सांगा."

"हे बी इंजिनाचंच हाय जी," सिस्टर म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं.

मला वाटायचं, हे आता आम्हाला ऐकवणं चाललंय. तसं नव्हतं. आम्ही त्यांना कशानेही मोकळं करू नये, एवढीच त्यांची मागणी होती. सुरुवातीला आम्ही फार घाई केली होती. तुमची काय चूक, तुम्ही तर बोट वाचवायला हँडल नेत होता, असं मीच दोनदा म्हणालो होतो. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तोंड मिटलं. त्यांची चूक नाही म्हटलं की आमचीही नाही, हा हिशोब त्यांना दिसला होता. मला तो दिसायला वेळ लागला.

चिन्ना सालभर घाटाकडे फिरकला नाही. मग एका बाजाराला आला. मोहाच्या टोपल्या विकून झाल्या होत्या. रिकामी कावड शेडच्या खांबाला टेकवली आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. सिस्टर झाकणाशी वाकल्या होत्या. सरळ झाल्या, तो दिसला. त्यांनी सवयीने बोलायला तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"मले माईत हाय," चिन्ना म्हणाला. "इंजिन सांगा."

ती एकच शिकवणी अशी, जिच्यात गोष्ट सांगितली गेली नाही. सिस्टरनी त्याला पुढे बोलावलं आणि बाकी काही दाखवण्याआधी खटक्यावर बोट ठेवलं. चिन्नाने तो उचलला. सोडला. पुन्हा उचलला. टक, टक. त्याच्या तळव्यावर दोराचे पांढरे वण होते. किती वेळा त्याने तो उचलला आणि सोडला कोण जाणे. कोणी त्याला पुढे चल म्हणालं नाही.

मग तो दर बाजाराला येऊ लागला. हवा काढायला शिकला, फिल्टर धुवायला, पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघायला. सिस्टर त्याच्याशी इंजिनाव्यतिरिक्त एक शब्द बोलत नसत. तोही नाही. पण पुढच्या पावसाळ्यात सुकाणूची काठी त्याच्या हातात आली आणि सिस्टर बोटीत बसल्या तर पुढच्या फळीवर बसू लागल्या. प्रवाशासारख्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा पाऊस संपत आला होता, पण पूल अजून पाण्यातच होता. केंद्रात शाल-नारळ झालं. सिस्टरनी भाषण केलं नाही. घाटावर येताना त्यांनी शेडमध्ये डोकावून बघितलं. दोन्ही हँडलं खिळ्यावर होती. त्यातलं एक चिन्नाने उचललं.

नदीच्या मधोमध इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप झालं. बोट आडवी होऊन वाहायला लागली. खाली वळणावर खडक आहेत आणि ते सगळ्यांना माहीत आहेत. मी सिस्टरकडे बघितलं. हवा कुठून शिरली हे त्यांना आवाजावरून कळलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"सिस्टर, सांगा ना त्याले," मी म्हणालो.

"तो हाय ना," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यावर बसल्या.

चिन्नाने घाई केली नाही. पाना काढला. आधी पंपावरचा स्क्रू ढिला केला, मग फिल्टरवरचा. सिस्टरनी शिकवलं होतं त्याच्या बरोबर उलट. सिस्टरचा पाय हलायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या पायाने दाबून धरला. चिन्नाच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो थांबला, दोन्ही घट्ट करून पुन्हा पहिल्यापासून लागला. या वेळी आधी फिल्टर. बुडबुडे आले, थांबले. त्याने हात पॅन्टला पुसले आणि हँडल घातलं. सिस्टर त्याच्या अंगठ्याकडे बघत होत्या. अंगठा बोटांच्या बाजूला होता. खटका उचलला, चाक फिरलं, खटका सोडला. लागलं.

पलीकडे उतरताना चिन्नाने आधाराला हात पुढे केला. सिस्टरनी लगेच धरला नाही. त्यांचे हात बधिर झाले होते, त्या ते झटकत होत्या. तळव्यांवर फळीच्या खाचा उमटल्या होत्या, लाल. मग त्यांनी हात धरला आणि उतरल्या. "जयभीम," त्या म्हणाल्या. चिन्ना म्हणाला, "जोहार." एवढंच.

आम्ही बोट वळवली. जीप वर रस्त्यावर उभी होती, पण सिस्टर काठावरच थांबल्या होत्या. त्या दिवशी जिथे होत्या, साधारण तिथेच. आम्ही थोडं लांब गेल्यावर त्यांनी निरोपासाठी हात उंच केला आणि अर्ध्यातच खाली घेतला, दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

चिन्नाने ते बघितलं. एक हात काठीवर ठेवून त्याने दुसरा वर केला आणि अंगठा उडवला. पुन्हा एकदा उडवला. सिस्टर हलल्या नाहीत. मी मात्र तोंड वळवलं आणि आमचा काठ येईपर्यंत पाण्याकडे बघत बसलो.